ॲट्राझीन दिलेलं तण उपाशी मरतं की उजेडानं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. वर्गात शिकवलं की ॲट्राझीन हे तणनाशक प्रकाशसंश्लेषण थांबवतं, तणाला अन्न मिळत नाही आणि ते उपाशी मरतं. तुम्ही तांदुळज्याच्या दोन कुंड्यांना सारखंच औषध मातीतून दिलं. एक उन्हात ठेवली, दुसरी खोक्याखाली झाकली. उन्हातली रोपं काही दिवसांत करपली. झाकलेली पिवळट पडली, पण उभी राहिली. उपासमारच होत असेल तर अंधारातलं रोप आधी जायला हवं होतं, कारण त्याचं अन्न दोन्हीकडून बंद. मग इलेक्ट्रॉन नेमका कुठे अडतो, आणि तो अडला की रोप का मरतं?

शंका रास्त आहे. उपासमारीचं स्पष्टीकरण फार तर अर्धं खरं आहे. भर उन्हात तण मरतं ते मुख्यतः उजेडामुळेच. तुमच्या प्रयोगात मात्र एक खोट आहे, त्यामुळे निकाल बरोबर असला तरी त्यातून तेवढंच सिद्ध होत नाही. त्याकडे शेवटी येतो. मी वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र शिकवत आलोय आणि तणनाशकांच्या चाचण्यांमध्ये पानांची मोजमापंही करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात पानावर पडणाऱ्या उजेडापासून करू. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर दर सेकंदाला साधारण २००० मायक्रोमोल वापरण्याजोगे फोटॉन पडतात. पान त्यातले बहुतेक शोषतं. ‘हिरवा रंग पान परत फेकतं’ हे वाक्य शाळेपासून पाठ असतं, पण हिरव्या उजेडाचाही मोठा हिस्सा पानात जिरतो. निळा आणि लाल त्याहून जास्त जिरतात, एवढाच फरक. मुद्दा असा की शोषायचं की नाही हे पान क्षणाक्षणाला ठरवू शकत नाही. हरितद्रव्य समोर आहे तोवर फोटॉन शोषला जाणारच.

हरितलवकाच्या आत थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात आणि त्यांच्या पडद्यात हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांमध्ये बसवलेले असतात. हे सगळे रेणू इलेक्ट्रॉन देत नाहीत. रॉबर्ट इमर्सन आणि विल्यम आर्नल्ड यांनी १९३२ मध्ये क्लोरेला या शेवाळावर उजेडाचे अगदी छोटे झोत टाकून मोजलं, तेव्हा प्राणवायूच्या एका रेणूमागे हरितद्रव्याचे सुमारे २५०० रेणू निघाले. हा आकडा त्या वेळी विचित्रच वाटला. आज त्याचा अर्थ असा लावतात की शेकडो रेणू नुसते उजेड गोळा करतात आणि मिळालेली ऊर्जा एका अभिक्रिया केंद्राकडे पोचवतात.

बहुतेक विद्यार्थी इथेच घसरतात. गोळा करणाऱ्या या रेणूंमधून इलेक्ट्रॉन धावत नाही. एक रेणू उत्तेजित होतो, त्याची उत्तेजना शेजारच्याला मिळते आणि तो स्वतः पूर्ववत होतो. फक्त ऊर्जा सरकते. निळा फोटॉन लाल फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जेचा असतो, पण ती जादा ऊर्जा लगेच उष्णतेत जाते, त्यामुळे केंद्रापर्यंत दोन्ही सारख्याच मोलाचे ठरतात. हा सगळा प्रवास एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत आटोपतो.

केंद्रात पोचल्यावर मात्र खरोखर इलेक्ट्रॉन सुटतो. पडद्यात अशा केंद्रांचे दोन प्रकारचे संच असतात, फोटोसिस्टीम २ आणि फोटोसिस्टीम १. फोटोसिस्टीम २ च्या केंद्रातलं हरितद्रव्य, ज्याला पी६८० म्हणतात, आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या फिओफायटिन या रेणूला देतं. तिथून तो क्यूए या क्विनोनकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन पुढे देणाऱ्या रेणूकडे, जातो. इथवर सगळं पिकोसेकंदांच्या हिशेबात चालतं. क्यूएकडून पुढच्या क्विनोनकडे, म्हणजे क्यूबीकडे, जायला मिलिसेकंदाचा काही हिस्सा लागतो. पहिल्या टप्प्यांच्या मानाने हे फार सावकाश आहे.

मागे उरलेलं पी६८० आता इलेक्ट्रॉनला हपापलेलं असतं. सजीवांमध्ये माहीत असलेल्या ऑक्सिडीकारकांत हे सर्वांत प्रबळ, सुमारे १.२ व्होल्टचं. एवढी ओढ नसती तर पाण्याकडून इलेक्ट्रॉन काढणं जमलंच नसतं. तेही थेट जमत नाही. शेजारी मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला समूह असतो. तो एकेक करून चार इलेक्ट्रॉन पुरवतो आणि मग पाण्याच्या दोन रेणूंकडून चारही वसूल करतो. त्यातून प्राणवायूचा एक रेणू सुटतो. या समूहातल्या अणूंची नेमकी मांडणी जपानी संशोधकांनी २०११ मध्ये १.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने दाखवली. त्याबद्दल लिहायला लागलो तर पानं पुरणार नाहीत. तुमच्या प्रश्नाला लागणारी गोष्ट पडद्याच्या दुसऱ्या बाजूला आहे.

क्यूबी म्हणजे डी१ नावाच्या प्रथिनातल्या एका खोबणीत तात्पुरता बसलेला प्लास्टोक्विनोनचा रेणू. तो क्यूएकडून एक इलेक्ट्रॉन घेतो, मग दुसरा घेतो, दोन प्रोटॉन उचलतो आणि खोबणी सोडून पडद्यात निघून जातो. रिकाम्या जागी नवा प्लास्टोक्विनोन येऊन बसतो. निघालेला रेणू सायटोक्रोम बी६एफ या संचाकडे जाऊन इलेक्ट्रॉन देतो आणि प्रोटॉन पिशवीच्या आत सोडतो. याच प्रोटॉनांच्या दाबावर पुढे एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतं. संपूर्ण साखळीतला हा सर्वांत संथ टप्पा, मिलिसेकंदांचा. नंतर तांबं असलेलं प्लास्टोसायनिन इलेक्ट्रॉन फोटोसिस्टीम १ कडे नेतं, तिथे दुसरा फोटॉन त्याला पुन्हा वर उचलतो, आणि फेरेडॉक्सिन या प्रथिनामार्फत तो एनएडीपीला मिळून एनएडीपीएचमध्ये, म्हणजे साखर बनवायला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूत, स्थिरावतो.

उजेडाने दोनदा का उचलावं लागतं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे पडेलच. पाण्याकडून निघून एनएडीपीपर्यंत चढायला साधारण १.१ व्होल्ट लागतात आणि लाल फोटॉनकडे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. कागदावर एकच पुरेसा दिसतो. पण इलेक्ट्रॉन मागे परतू नये म्हणून दर पायरीवर थोडी ऊर्जा सोडावी लागते, शिवाय एटीपीसाठीही काही बाजूला काढावी लागते. पाणी फोडण्याइतकी ओढ आणि एनएडीपीला देण्याइतका जोर एकाच केंद्रात एकत्र बसवणं झाडांना साधलेलं नाही. रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी १९६० मध्ये दोन टप्प्यांची ही मांडणी सुचवली. पुस्तकात तुम्ही पाहता ती आडव्या ‘झेड’ची आकृती तिथूनच आली. त्याच सुमारास इमर्सन यांच्या इलिनॉयमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलेले, मूळचे अलाहाबादचे गोविंदजी यांनी दोन्ही प्रणालींमध्ये हरितद्रव्य ‘अ’ असतं हे दाखवणारं काम केलं.

आता ॲट्राझीन. ते क्यूबीच्या खोबणीत जाऊन बसतं. प्लास्टोक्विनोनला जागा मिळत नाही, क्यूएकडचा इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो. मेट्रिब्युझिन आणि डायुरॉन ही तणनाशकंही याच खोबणीत बसतात, थोडे वेगळ्या अंगाने. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर एका जागेत मावतं: फोटोसिस्टीम २, डी१ प्रथिन, क्यूए आणि क्यूबीच्या मधोमध.

अडल्यावर काय होतं ते जास्त महत्त्वाचं. उजेड थांबलेला नाही. शेकडो रेणू फोटॉन शोषतायत, ऊर्जा केंद्राकडे येतेय, आणि पुढची वाट बंद आहे. पी६८० पासून सुटलेला इलेक्ट्रॉन क्यूए भरलेला असल्यामुळे मागे फिरतो आणि या उलट्या मिलाफातून हरितद्रव्य ‘ट्रिपलेट’ नावाच्या रेंगाळणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातं. त्या अवस्थेतल्या रेणूला साधा प्राणवायू भेटला की ‘सिंगलेट’ प्राणवायू तयार होतो, आणि तो जवळ जे सापडेल त्यावर तुटून पडतो: आधी डी१ प्रथिन, मग पडद्यातले मेद. पडदे फाटले की पेशीतला रस बाहेर येतो आणि पान करपतं. अंधारातली उपासमार म्हणजे विझलेली चूल, आणि ॲट्राझीनचा मार म्हणजे पातेल्यातलं पाणी आटल्यावरही धडधडत राहिलेली.

निरोगी पानावरही हे संकट रोज दुपारी थोडंफार येतंच. सोयाबीनचं पान भर उन्हातला सगळा उजेड वापरूच शकत नाही. म्हणून झाडाकडे बचावाची सोय आहे. पिशवीतली आम्लता वाढली की झिॲझँथिन नावाचं पिवळं रंगद्रव्य तयार होतं आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडायला मदत करतं. इतर कॅरोटिनॉइड रेणू ट्रिपलेट हरितद्रव्याला आणि सिंगलेट प्राणवायूला जागच्या जागी शांत करतात. डी१ प्रथिन इतकं खराब होतं की ते सतत काढून नवं बसवलं जातं. तीव्र उजेडात त्याचं आयुष्य तासाभराच्या आसपासच असतं. ॲट्राझीनमुळे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह थांबतो, म्हणून प्रोटॉनांचा दाब जमत नाही, म्हणून उष्णता सोडण्याची सोयही नीट चालू होत नाही. वाट बंद होते आणि तिचा रक्षकही निष्प्रभ होतो. मला वाटतं, वर्गात सांगायला हवी ती हीच गोष्ट.

हे सगळं अनुमान नाही, मोजता येतं. हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेचा एक छोटा हिस्सा, जिवंत पानात एक-दोन टक्के, लाल उजेड होऊन परत बाहेर पडतो. क्यूए भरलेला असला की हा हिस्सा वाढतो. फ्लुओरोमीटर हेच मोजतो. थोडा वेळ अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाचं कमाल कार्यक्षमतेचं गुणोत्तर ०.८३ च्या जवळपास येतं, मग ते पान पालकाचं असो की आंब्याचं. ॲट्राझीन पोचलेल्या पानावर उजेड टाकताच चमक तडक शिखरावर जाते आणि नेहमीसारखी हळूहळू उतरत नाही. पान डोळ्यांना हिरवंगार दिसत असतं, तेव्हाच हे दिसतं. चाचणीत तणनाशक लागू पडलं की नाही हे पिवळेपणाची वाट न बघता मी असंच ठरवतो.

शेतातल्या दोन-तीन गोष्टी यातूनच उलगडतात. मक्यालाही तेच डी१ प्रथिन, तीच खोबणी असते. तरी मका जगतो, कारण त्याची पेशी ॲट्राझीनला ग्लुटाथायोन हा स्वतःचा एक छोटा रेणू जोडून किंवा त्याचा रेणू बदलून ते खोबणीपर्यंत पोचायच्या आतच निकामी करते. मका थंडीने गारठलेला असेल किंवा पाण्यात उभा असेल तर हे काम मंदावतं आणि पिकालाही चटका बसतो. म्हणून ‘मक्याला चालतं’ या वाक्याला हवामानाची अट आहेच.

तणातली प्रतिकारशक्ती बऱ्याचदा वेगळ्या कारणाने येते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास ट्रायझीन गटाला (ॲट्राझीन याच गटातलं) न जुमानणारं तण पहिल्यांदा नोंदवलं गेलं. पुढे १९८३ मध्ये माठाच्याच कुळातल्या एका तणात कारण सापडलं: डी१ प्रथिनातलं २६४ व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल बदलून तिथे ग्लायसीन आलेलं. एवढ्या एका बदलाने ॲट्राझीनची पकड सुटते. पण प्लास्टोक्विनोनची पकडही थोडी ढिली होते, त्यामुळे अशी रोपं एरवी जरा मंद वाढतात. डायुरॉन त्याच खोबणीत वेगळ्या जागी धरतं, म्हणून तेच तण डायुरॉनला बळी पडतं. आणि हे जनुक हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएत असल्याने हा गुण परागकणांतून नव्हे, तर मातृरोपाच्या बियांतून पसरतो. शेजारच्या बांधावरून वारा तो घेऊन येईल ही भीती नाही. मळणीयंत्र आणि शेणखत मात्र आणतील.

मक्यात टेम्बोट्रिओन हे तणनाशक फवारल्यावर तण पांढरं पडतं, तेही तुम्ही पाहिलं असेल. ते औषध प्लास्टोक्विनोन बनवण्याच्या वाटेवरचं एक विकर अडवतं. प्लास्टोक्विनोन कमी पडला की कॅरोटिनॉइडही बनत नाहीत, संरक्षण जातं आणि उजेडच हरितद्रव्याला नष्ट करतो. नवी पानं पांढरी निघतात. आता याच्यासोबत ॲट्राझीन दिलं तर दोघांचा परिणाम बेरजेहून जास्त का होतो, हे तुम्हीच सांगू शकाल: खोबणीसाठी भांडणारा प्लास्टोक्विनोन कमी झाला आणि सिंगलेट प्राणवायूला आवरणारेही.

पॅराक्वाट हे आणखी एक तणनाशक याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसतं. ते फोटोसिस्टीम १ कडून इलेक्ट्रॉन ओढून थेट प्राणवायूला देतं आणि पुन्हा नवा घ्यायला मोकळं होतं. म्हणून थोडंसं औषध काही तासांत पान जाळतं. वाहता प्रवाह त्याला लागतो, त्यामुळे अंधारात परिणाम फार सावकाश दिसतो. हीच देवघेव माणसाच्या फुफ्फुसात उजेडाशिवाय चालते, तिथे इलेक्ट्रॉन पेशीच्या चयापचयातून मिळतात. पॅराक्वाटवर उतारा नाही. कुंडीतल्या प्रयोगासाठी ते घरी आणू नका, बाटलीतून ओतून घेऊ नका.

आता तुमच्या प्रयोगातली खोट. ॲट्राझीन तुम्ही मातीतून दिलंत. ते मुळांतून पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी वर ओढतं ते पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन. खोक्याखाली अंधार, दमट हवा, पर्णरंध्रं मिटलेली. त्या रोपाच्या पानांपर्यंत औषध उन्हातल्याच्या मानाने फारच कमी पोचलं असणार. ते रोप उजेड नाही म्हणून वाचलं की औषध नाही म्हणून, हे तुमच्या मांडणीतून वेगळं काढता येत नाही. शिवाय तुमच्या कुंडीत काळी माती असेल तर तीही बरंचसं ॲट्राझीन धरून ठेवते. मुरमाड मातीत निकाल लवकर येईल. आणि मात्रा कमी, आभाळ भरलेलं, असं असेल तर उपासमारीचा वाटा खरंच वाढतो. म्हणून तुमच्या सरांचं वाक्य सरसकट खोटं म्हणत नाही.

असं करून बघा. चार कुंड्या घ्या, दोन औषधाच्या, दोन नुसत्या पाण्याच्या. चौघींना एक पूर्ण दिवस विरळ सावलीत, वारा लागेल असं ठेवा, म्हणजे औषध पानांत चढेल पण करपण्याइतका उजेड नसेल. संध्याकाळी प्रत्येक जोडीतली एक-एक झाका, उरलेल्या दोन सकाळी उन्हात येतील अशा ठेवा. पाण्याची आणि झाकलेली कुंडी तुम्हाला नुसत्या अंधाराचा परिणाम दाखवेल. पिवळेपणा कुठून सुरू होतो तेही लिहून ठेवा. औषध पाण्यासोबत चढत असल्याने जुन्या पानांच्या कडा आधी जायला हव्यात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पालकाची हरितलवकं वेगळी करून डीसीपीआयपीचा प्रयोगही सरांना विचारून करा. हा निळा रंग इलेक्ट्रॉन मिळाला की रंगहीन होतो. हिल यांनी १९३० च्या दशकात वेगळ्या केलेल्या हरितलवकांना कृत्रिम ग्राहक देऊन प्राणवायू सोडायला लावलं होतं, त्याचंच हे सोपं रूप. डायुरॉन घातलेल्या नळीत उजेडातही रंग निळाच राहतो, कारण इलेक्ट्रॉन क्यूबीच्या अलीकडेच अडलेला असतो. एक नळी काळ्या कागदात गुंडाळून ठेवायला विसरू नका. तिचाही रंग निळाच राहील, पण वेगळ्या कारणाने.

तीन-चार दिवसांनी औषध दिलेली आणि झाकून ठेवलेली कुंडी बाहेर उन्हात काढा. नुसत्या पाण्याची झाकलेली कुंडीही तिच्याबरोबर काढा, कारण अंधारातून एकदम उन्हात आल्याचा ताण तिलाही पडेल. दोघींच्या पानांत त्या दिवशी दुपारपर्यंत जो फरक दिसेल, तो मला कळवा.